खर्च केंद्राकडे, सोपेपणा श्रोत्याकडे: एएम रेडिओचा आढावा

मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर, पुणे ७९२ वर, नागपूर ५८५ वर, रत्नागिरी ११४३, सांगली १२५१, परभणी १३०५ आणि पणजी १२८७. मध्यम लहरींवरचे हे आकडे निवेदकांच्या तोंडून ऐकून ऐकून अनेकांना पाठ झालेले आहेत. यातला कुठलाही आकडा घेऊन नऊने भागा, बाकी शून्य उरते. हा योगायोग नव्हे. १९७५ मध्ये जिनिव्हात झालेल्या करारानुसार युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियातली मध्यम लहरींची केंद्रे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ या पट्ट्यात नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवली गेली आणि नोव्हेंबर १९७८ पासून ती व्यवस्था अमलात आली. अमेरिका खंडात हेच अंतर दहाचे आहे, म्हणून तिथले आकडे शून्याने संपतात.

केंद्र जर एकाच वारंवारतेवर, म्हणजे ५५८ वर, प्रक्षेपण करते, तर त्याला नऊ किलोहर्ट्झ रुंदीची जागा लागतेच कशाला? शेजारी ५५९ वर दुसरे केंद्र का चालत नाही? एएम म्हणजे अँप्लिट्यूड मॉड्युलेशन नीट समजून घ्यायचे असेल, तर हा प्रश्न धरून चालणे मला सर्वांत सोयीचे वाटते.

आधी मुळाशी जाऊ. माणसाचा आवाज मायक्रोफोनमधून गेला की त्याची वीज होते, पण ती वीज तशीच अँटेनाला जोडून काही साधत नाही. एक किलोहर्ट्झचा सूर घेतला तर त्या वारंवारतेच्या रेडिओ लहरीची लांबी ३०० किलोमीटर भरते. अँटेना नीट काम करायची तर ती लहरीच्या साधारण पाव लांबीची तरी असावी लागते. म्हणजे ७५ किलोमीटरचा खांब झाला. शिवाय सगळेच आवाज एकाच पट्ट्यात असल्याने दोन केंद्रे एका वेळी चालवताच आली नसती. ५५८ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी मात्र सुमारे ५३७ मीटर आहे. तिचा पाव भाग म्हणजे सुमारे १३४ मीटरचा मनोरा, आणि तो उभारता येतो. मध्यम लहरींच्या केंद्रात हा आख्खा मनोराच अँटेना असतो. तो पोर्सेलिनच्या इन्सुलेटरवर उभा असतो आणि त्याच्या पायथ्यापासून तांब्याच्या तारा चारी दिशांना जमिनीत पुरलेल्या असतात. खारट, ओलसर जमिनीतून वीज चांगली खेळते, म्हणून खाडीकाठची जागा अशा केंद्राला मानवते. आकाशवाणीच्या मुंबईतल्या मध्यम लहरींचे प्रक्षेपण मालाडच्या मालवणी भागातून होते, तो परिसर अशाच जमिनीचा आहे.

थोडक्यात, दूर जाऊ शकणारी एक उच्च वारंवारतेची लहर तयार करायची आणि आवाज तिच्या अंगावर उमटवायचा. या लहरीला वाहक लहर म्हणतात. निवेदक गप्प असतो तेव्हा ती एकसारख्या उंचीने चालत राहते. तो बोलू लागला की आवाजाच्या दाबाप्रमाणे तिची उंची, म्हणजे आयाम, वाढतो आणि घटतो. वारंवारता जिथल्या तिथे राहते. या सगळ्या शिखरांना जोडणारी रेघ काढली तर ती थेट मायक्रोफोनमधून आलेल्या आवाजाचा आलेख असते. आयाम शून्यापर्यंत खाली आणि दुपटीपर्यंत वर जात असेल तर मॉड्युलेशन शंभर टक्के झाले. त्याहून आवाज वाढवला तर वाहक लहर मध्येच तुटते. ऐकणाऱ्याला आवाज फाटल्यासारखा येतो आणि आजूबाजूच्या केंद्रांवरही कचरा सांडतो. म्हणून प्रक्षेपण केंद्रात आवाजाची पातळी दाबून धरणारी यंत्रणा सतत चालू असते.

आता नऊचा प्रश्न. वाहक लहर ५५८ ची आहे आणि कोणी तिच्यावर एक किलोहर्ट्झचा सूर धरला आहे असे समजा. अँटेनातून त्या वेळी तीन लहरी निघतात: ५५७, ५५८ आणि ५५९. सूर ४.५ किलोहर्ट्झपर्यंत चढला तर पसारा ५५३.५ ते ५६२.५ होतो. बरोबर नऊ. वाहकाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या पट्ट्यांना साइडबँड म्हणतात. आवाज या पट्ट्यांतच असतो, वाहक लहरीत त्याचा अंशही नसतो.

एकाच लहरीची उंची बदलली तर नव्या वारंवारता येतात कुठून, हा प्रश्न भल्याभल्यांना पडला होता. अमेरिकेतल्या जॉन कार्सन यांनी हे गणित मांडून १९१५ मध्ये एकाच साइडबँडवर संदेश पाठवण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. तरीही १९३० मध्ये सर अँब्रोझ फ्लेमिंग यांनी ‘नेचर’मध्ये पत्र लिहून साइडबँड ही निव्वळ गणितातली कल्पना असल्याची भूमिका घेतली. फ्लेमिंग म्हणजे व्हॉल्व्ह डायोडचे जनक, कोणी ऐरागैरा नव्हे. पण पुराव्याने त्यांना साथ दिली नाही. ७ जानेवारी १९२७ रोजी न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यात जी रेडिओ-टेलिफोन सेवा सुरू झाली, तिच्यात वाहक लहर आणि एक साइडबँड गाळून फक्त दुसरा साइडबँड पाठवला जात होता आणि माणसे त्यावरून बोलत होती. जे अस्तित्वातच नाही त्यावरून बोलता येत नाही.

ज्यांनी तंबोरा लावला आहे त्यांना यातले मर्म कानाने ठाऊक असते. जोडीच्या दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या तर नाद हेलकावे खातो, लहान-मोठा होत राहतो. तारा मिळाल्या की हेलकावा थांबतो. म्हणजे जवळजवळच्या वारंवारता एकत्र आल्या की आयाम डोलतो. ही गोष्ट उलटीकडूनही तितकीच खरी आहे: आयाम डोलतो आहे, याचा अर्थ तिथे जवळजवळच्या वारंवारता हजर आहेत. फ्लेमिंग यांना पटले नाही ते एवढेच.

एएमची खरी गंमत, आणि तिच्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप, शक्तीच्या हिशेबात आहे. समजा वाहक लहर १०० किलोवॅटची आहे. शंभर टक्के मॉड्युलेशन झाले की दोन साइडबँड मिळून आणखी ५० किलोवॅट जातात, प्रत्येकात २५. दोन्ही साइडबँडमध्ये आवाज एकच, म्हणजे दीडशेपैकी कामाचे फक्त २५. आणि ही झाली सर्वांत अनुकूल परिस्थिती. साध्या बोलण्यात मॉड्युलेशन सरासरी तीस टक्क्यांच्या आसपास धरले तर १०० किलोवॅटच्या वाहकासोबत साइडबँडमध्ये जेमतेम साडेचार किलोवॅट उरतात. निवेदक श्वास घ्यायला थांबतो तेव्हाही शंभर किलोवॅट चालूच. शिवाय शिखराच्या क्षणी चौपट शक्ती लागते, म्हणून यंत्र त्या ताकदीचे बांधावे लागते.

हे आकडे बघून एएमला उधळी पद्धत ठरवणे सोपे आहे. अनेक पाठ्यपुस्तके तसे ठरवून पुढे जातात. मला ते मान्य नाही. ही उधळण कशासाठी आहे ते कळायला प्रक्षेपकाकडून उठून श्रोत्याच्या घरी जावे लागते.

वाहक लहर सोबत आलेली असल्याने तिथे आवाज वेगळा काढायला जवळजवळ काहीच लागत नाही. वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड घ्यायचा. तो लहरीचा खालचा अर्धा भाग कापतो. मग एक लहानसा कपॅसिटर आणि रेझिस्टर वेगवान वाहक थोपवून शिखरांची रेघ तेवढी पुढे सोडतात. ती रेघ म्हणजेच आवाज. हे काम करणारा पहिला स्फटिक होता गॅलिना, म्हणजे शिशाचे खनिज. त्याच्यावर आधारित ग्राहकाचे अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये जगदीशचंद्र बोस यांना मिळाले. १९०६ मध्ये ग्रीनलीफ पिकार्ड यांनी सिलिकॉनचा स्फटिक वापरला. गॅलिनाचा खडा, त्यावर टेकणारी बारीक तार, वेटोळे, लांब तार आणि कानाला लावायचा हेडफोन, एवढ्यावर जवळचे केंद्र ऐकू येई. बॅटरी नाही, वीजजोडणी नाही. ऐकायला लागणारी सगळी ऊर्जा केंद्राच्या लहरीतूनच येते.

म्हणजे ते शंभर किलोवॅट वाया जात नाहीत. ती केंद्राने लाखो घरांच्या वतीने एकदाच भरलेली किंमत आहे. वाहक गाळून पाठवला तर प्रत्येक श्रोत्याच्या यंत्रात तो नव्याने, अचूक त्याच वारंवारतेचा तयार करावा लागेल, आणि त्यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लागणारे यंत्र सामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हते. न्यूयॉर्क-लंडन सेवेला ते परवडले, कारण दोन्ही टोकांना तज्ज्ञ आणि कंपनीचे यंत्र होते. बोलणारा एक आणि ऐकणारे अगणित असतील तर हिशेब फिरतो. खर्च एका टोकाला, सोपेपणा दुसऱ्या टोकाला. लोकांसाठीच्या माध्यमाला याहून न्याय्य रचना मला माहीत नाही.

इतिहासही याच दिशेने गेला. रेजिनाल्ड फेसेंडन यांनी २३ डिसेंबर १९०० रोजी अमेरिकेतल्या कॉब बेटावर ठिणगीच्या प्रक्षेपकातून सुमारे दीड किलोमीटरवर शब्द पोहोचवले. आवाज कळला, पण खरखरीने भरलेला, कारण तुटक ठिणग्यांतून एकसंध वाहक लहर मिळत नाही. १९०६ मध्ये अलेक्झांडरसन यांच्या वेगवान अल्टरनेटरने ती मिळाली आणि त्याच डिसेंबरात ब्रँट रॉकला फेसेंडन यांनी पाहुण्यांसमोर आवाजाचे प्रात्यक्षिक दाखवले. पुढे व्हॉल्व्ह आले आणि १९२० च्या दशकात प्रसारणाचा पूर लोटला. आपल्याकडे १९२१ मध्ये मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियाने टपाल-तार खात्याच्या मदतीने पाठवलेले संगीत गव्हर्नर लॉइड यांनी पुण्यात ऐकले, आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र दीड किलोवॅटच्या प्रक्षेपकासह सुरू झाले. कंपनी तीन वर्षांत बुडाली. प्रसारण सरकारकडे गेले आणि १९३६ पासून ऑल इंडिया रेडिओ झाले.

ट्रान्झिस्टर आल्यावर ग्राहक यंत्र सुधारले, पण तत्त्व बदलले नाही. घरातला जुना ट्रान्झिस्टर उघडला की आत काळ्या फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार दिसते. ती मध्यम लहरींची अँटेना. कांडीचे टोक केंद्राच्या दिशेने आले की आवाज सर्वांत क्षीण, कांडी त्या दिशेला आडवी धरली की सर्वांत मोठा. म्हणूनच आपले वडीलधारे रेडिओ फिरवून बघत. शेजारच्या ट्यूबलाइटची गुरगुर कमी करायलाही हीच युक्ती चालते. पुढे काटा ५५८ वर आणला की यंत्रातला ऑसिलेटर १०१३ वर जातो, ७९२ वर आणला की १२४७ वर. दोन्ही वेळा फरक ४५५. आलेले केंद्र कुठलेही असो, त्याचे ४५५ किलोहर्ट्झमध्ये रूपांतर होते आणि पुढची सगळी वर्धक मंडळे त्या एकाच वारंवारतेसाठी जुळवलेली असतात. एडविन आर्मस्ट्राँग यांची १९१८ मधली ही सुपरहेटरोडाइन कल्पना आहे. शेवटी तोच डायोड. त्यातून वाहकाची सरासरी ताकदही कळते, आणि ती मागे पाठवून यंत्र आपली वाढ आपोआप कमी-जास्त करते. त्यामुळे दूरचे आणि जवळचे केंद्र साधारण एकाच आवाजात वाजतात. वाहक लहर इथेही श्रोत्याच्या कामी येते.

रात्रीची गोष्ट वेगळी. दिवसा वातावरणाच्या आयनांबरातला खालचा डी थर मध्यम लहरी शोषून घेतो, म्हणून केंद्र जमिनीलगत जाईल तेवढेच ऐकू येते. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि लहरी वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. १९८८ मध्ये सुरू झालेली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी रात्रीची होती ती याचमुळे. नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर, १००० किलोवॅटने, देशाच्या मध्यातून चारी टोकांना.

पण आकाशातून येणारी लहर बेभरवशाची असते. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींना कधी बळ देतात, कधी मारतात, आणि हे प्रत्येक वारंवारतेला वेगळे घडते. ५५८ मेली आणि ५५७, ५५९ जगल्या तर शिखरांची रेघच मोडते. आवाज बारीक न होता वेडावाकडा होतो. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लघुलहरींवर ऐकणाऱ्या पिढीने हा अनुभव दर आठवड्याला घेतला. गाणे दूर जाई, चिरकत परत येई, आणि तरी कोणी रेडिओ बंद करत नसे.

एएमचा खरा, उत्तर नसलेला दोष आहे तो खरखरीचा. आवाज आयामात असतो आणि वीज, ठिणगी, मोटार, चार्जर यांचा गोंगाटही आयामातच भर घालतो. ग्राहकाला दोन्हींतला फरक कळत नाही. वळवाच्या दिवसांत दूरवर लकाकलेली वीज आधी रेडिओत कडकडते. याच दोषावर उपाय म्हणून आर्मस्ट्राँग यांनी १९३३ मध्ये एफएमचे पेटंट मिळवले: आयाम स्थिर ठेवायचा आणि आवाज वारंवारतेच्या बदलात लपवायचा. दोन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहायच्या असतील तर जुने दूरदर्शन आठवा. त्याचे चित्र एएमने येई आणि आवाज एफएमने. घराखालून स्कूटर गेली की पडद्यावर ठिपक्यांच्या ओळी उमटत, निवेदिकेच्या आवाजाला मात्र धक्का लागत नसे.

असे असूनही विमानाचा वैमानिक आणि नियंत्रण कक्ष आजही ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर एएमनेच बोलतात. एफएममध्ये दोघे एकदम बोलले तर बलवान आवाज दुबळ्याला पुसून टाकतो आणि दुसरा कोणी बोलला हे ऐकणाऱ्याला कळतही नाही. एएममध्ये दोन वाहक लहरींच्या फरकाची शिट्टी वाजते, म्हणजे निदान इशारा मिळतो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमाने आदळली, ५८३ माणसे गेली. अपघाताच्या आधीच्या काही सेकंदांत नियंत्रक आणि एका विमानाचा वैमानिक एकाच वेळी बोलले आणि दुसऱ्या विमानात ती शिट्टी ऐकू आली, संदेश मात्र नीट पोहोचला नाही. शिट्टी इशारा देते, मजकूर वाचवत नाही; तेव्हापासून वैमानिकांच्या ठरीव वाक्यरचनेवर जो कडक भर दिला गेला तो त्यामुळेच. हौशी रेडिओवाल्यांनी लघुलहरींवर वेगळा मार्ग धरला. ते वाहक आणि एक साइडबँड गाळतात आणि थोड्या वॅटमध्ये समुद्रापार बोलतात. ऐकणारा कुशल असतो, यंत्र जुळवून घेतो, म्हणून तिथे ते शोभते.

केंद्राचा खर्च कमी करण्याची धडपडही जुनी आहे. बेल प्रयोगशाळेतल्या विल्यम डोहर्टी यांनी १९३६ मध्ये दोन वर्धकांची जोडी मांडली: एक नेहमीचे काम करतो, दुसरा शिखराच्या वेळी मदतीला येतो. आज मोबाइलच्या टॉवरमध्ये हीच मांडणी सर्रास वापरतात. पुढे शेकडो छोटे ट्रान्झिस्टर वर्धक गरजेप्रमाणे चालू-बंद करून आयाम घडवणारे प्रक्षेपक आले. काही केंद्रे आवाजाच्या पातळीनुसार वाहकाची ताकद बदलतात. या सगळ्याने वीज वाचली, पण वाहक पाठवण्याचे मूळ ओझे कायम राहिले. १००० किलोवॅटचा प्रक्षेपक दहा तास चालला तर नुसत्या वाहक लहरीत दहा हजार युनिटे जातात, आणि यंत्रातली गळती त्याहून वेगळी. नागपूरची ती राष्ट्रीय वाहिनी बंद करण्याचा निर्णय डिसेंबर २०१८ मध्ये झाला तेव्हा खर्चाचेच कारण पुढे होते. जर्मनी आणि फ्रान्समधली सार्वजनिक केंद्रे २०१५ अखेरपर्यंत मध्यम लहरींवरून उतरली. विजेच्या मोटारींच्या इन्व्हर्टरचा गोंगाट एएमला झोंबतो म्हणून काही उत्पादक गाडीतून एएमच काढू लागले, तेव्हा अमेरिकी काँग्रेसमध्ये २०२३ साली ते सक्तीचे करणारे विधेयक मांडले गेले. आपत्तीच्या वेळी हाच रेडिओ लोकांपर्यंत पोहोचतो, हा त्यामागचा युक्तिवाद.

तो युक्तिवाद कोकण किनाऱ्यालाही लागू आहे. मोबाइलचा टॉवर जमिनीकडे बघतो, खोल समुद्रातल्या होडीकडे नाही. मध्यम लहर खाऱ्या पाण्यावरून जमिनीपेक्षा दूर जाते. बॅटरीवरचा लहान रेडिओ, आणि त्यावर येणारी वादळाची सूचना, एवढे साधन मच्छीमाराकडे असले पाहिजे.

आकाशवाणीने मध्यम लहरींवर तिसाहून अधिक प्रक्षेपक डीआरएम या डिजिटल पद्धतीचे बसवले आहेत. आवाज स्वच्छ येतो, गोंगाट गळतो, पूर्ण ताकदीची वाहक लहर लागत नाही, त्यामुळे वीजही वाचते. अनेक ठिकाणी जुने एएम आणि नवे डीआरएम एकाच प्रक्षेपकावरून शेजारी-शेजारी चालतात. गंमत अशी की या डिजिटल लहरींच्या पोटात एएमच आहे. एकमेकींपासून पाव फेरा मागेपुढे असलेल्या दोन वाहकांचे आयाम ठरावीक पायऱ्यांत बदलायचे, याला क्यूएएम म्हणतात. घरातल्या वाय-फायमध्ये, केबलच्या सेटटॉप बॉक्समध्ये तेच चालते. वाय-फायच्या सहाव्या पिढीत दोन आयामांच्या मिळून १०२४ जोड्या होतात आणि एका जोडीतून दहा बिटे जातात.

डीआरएममध्ये मात्र किंमत पुन्हा श्रोत्याकडे सरकते. काही मोटारींत तो रेडिओ बसून येतो, पण सुटा संच साध्या ट्रान्झिस्टरच्या कित्येक पट महाग आहे आणि त्याची चिप बॅटरीही जास्त खाते. केंद्राचे वीजबिल कमी झाले हे खरे. ते कोणाच्या खिशातून कमी झाले, हेही त्याच हिशेबात मांडायला हवे. परवडणारा डीआरएम संच बाजारात येईपर्यंत रत्नागिरी, सांगली, परभणीसारख्या केंद्रांचे साधे एएम प्रक्षेपण चालू ठेवावे, निदान सकाळच्या बातम्या, शेतीचा कार्यक्रम आणि हवामानाचा इशारा एवढे तास तरी, असे माझे स्पष्ट मत आहे.